अकराव्या गुणसूत्रावरचे दोन शेजारी

रोवणी नुकतीच आटोपली होती. लाखनीकडच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात सिकलसेल तपासणीचं शिबिर लागलं होतं. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब परीक्षानळीतल्या द्रावणात सोडायचा, आणि नळीमागच्या कागदावरची अक्षरं दिसतात की नाही ते पाहायचं. द्रावण नितळ राहिलं तर बरं. गढूळ झालं तर पुढची तपासणी, म्हणजे मूल नुसतं वाहक आहे की रुग्ण, हे ठरवणारी. मी जन्मभर मुलांना जीवशास्त्र शिकवलं म्हणून मला लोकांशी बोलायला बसवलं होतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलीची नळी गढूळ झाली. तिची आई थोडा वेळ गप्प उभी राहिली आणि मग तिनं विचारलं, "मास्तर जी, हे बिमारी पोरीच्या साऱ्या आंगात रायते, का नुसती रक्तात?"

मी म्हणालो, "रक्तात." उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धं होतं. घरी आल्यावर उरलेलं अर्धं मनात घोळत राहिलं. तिच्या प्रश्नात आजच्या जीवशास्त्रातला एक फार मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचं सर्वांत चांगलं उत्तर रक्तापेक्षा स्वादुपिंडात सापडतं. म्हणून हा लेख.

सिकलसेलचं मूळ एका अक्षराच्या चुकीत आहे. हिमोग्लोबिन हे प्रथिन दोन प्रकारच्या साखळ्यांनी बनतं. त्यातल्या बीटा साखळीच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं, त्यामुळं साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. प्राणवायू कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दांड्यासारखं होतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. मुलांच्या लक्षात राहत नाही ती गोष्ट वेगळी आहे: ही चूक त्या मुलीच्या प्रत्येक केंद्रकधारी पेशीत आहे. तिच्या डोळ्यात, कातडीत, यकृतात, मेंदूत. जठराच्या मागं आडवं पडलेल्या तिच्या स्वादुपिंडातही आहे. पण स्वादुपिंडाला तिचा काही त्रास नाही, कारण तिथं ते पान कधी उघडलंच जात नाही.

आता उलट बाजूनं पाहू. इन्सुलिन तयार करायची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे, ते जनुकही तिच्या प्रत्येक पेशीत आहे. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींमध्येही आहे. तिथं ते आयुष्यभर मुकं राहतं.

आणि ही दोन जनुकं दूरदूर राहणारी नाहीत. माणसाच्या अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, टोकाजवळ, इन्सुलिनचं जनुक आहे. तिथून सुमारे तीस लाख अक्षरं आत सरकलं की बीटा ग्लोबिनचं जनुक लागतं. तीस लाख हा आकडा मोठा वाटतो, पण माणसाचा सगळा जनुकीय मजकूर तीनशे कोटींहून जास्त अक्षरांचा आहे. त्या मानानं हे हजारातल्या एका भागाचं अंतर झालं, एकाच मोहल्ल्यातली दोन घरं. अस्थिमज्जेत एका घरात दिवा लागतो आणि शेजारच्या घराला कुलूप असतं. स्वादुपिंडात नेमकं उलट. मला तर ही गोष्ट दरवेळी नव्यानं थक्क करते. कुलूप कोण लावतं? किल्ली कोणाकडं असते?

आमच्या भागातल्या माणसाला याचं उत्तर तलावाच्या काठावर सांगितलेलं बरं. भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी तलावांवर पूर्वी पाणकर असायचा. तलाव भरलेला असो, पाट खणलेले असोत, कोणत्या दिवशी कोणत्या बांधीत पाणी सोडायचं हे त्याच्या हातात. तलावात पाणी आहे एवढ्यानं बांधीतलं धान पिकत नाही. पेशीतही तसंच आहे. जनुक असणं वेगळं आणि ते वाचलं जाणं वेगळं. जनुक वाचायचं की नाही, केव्हा आणि किती वाचायचं हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. मराठीत सोयीसाठी आपण त्यांना नियंत्रक प्रथिनं म्हणू. माणसाच्या सुमारे वीस हजार प्रथिन-जनुकांपैकी सोळाशेच्या आसपास जनुकं निव्वळ अशी नियंत्रक प्रथिनं बनवण्यासाठी आहेत. म्हणजे बारा-तेरा माणसांमागं एक पाणकर. एवढा कारभार उगाच नाही.

स्वादुपिंड म्हणजे वीतभर लांबीचा, शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचा अवयव. त्याच्यात दोन वेगळी खाती आहेत. बहुतेक सगळा भाग पाचक रस बनवण्यात गुंतलेला असतो. आपण भाताचा घास खातो त्यातला स्टार्च फोडणारं अमायलेज, तेलतूप पचवणारं लायपेज, डाळीतली प्रथिनं तोडणारी ट्रिप्सिनसारखी विकरं इथून लहान आतड्यात जातात. या पेशींच्या गर्दीत मधूनमधून वेगळ्याच पेशींचे लहान पुंजके दिसतात. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स या विशीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं ते प्रथम नोंदवले. ते काय करतात हे त्याला कळलेलं नव्हतं. लँगरहॅन्सची बेटं या नावानं ते आज ओळखले जातात. एका स्वादुपिंडात अशी दहा लाखांच्या घरात बेटं असतात, तरी सगळी मिळून अवयवाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. बेटावरच्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, अल्फा पेशी ग्लुकॅगॉन, डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन. एकमेकींना खेटून बसलेल्या, एकाच धमनीतून रक्त पिणाऱ्या, अक्षरशः तोच जनुकीय मजकूर बाळगणाऱ्या या पेशी. तरी अल्फा पेशी इन्सुलिन बनवत नाही आणि पाचक रसाची पेशी तर अजिबातच नाही.

बीटा पेशीच्या केंद्रकात काय चालतं ते जरा जवळून पाहू.

इन्सुलिनच्या जनुकाच्या सुरुवातीआधी तीन-चारशे अक्षरांचा एक पट्टा आहे. त्यात कृती लिहिलेली नाही. तो दाराचा भाग आहे, त्याला प्रमोटर म्हणतात. या पट्ट्यावर ठरावीक जागी ठरावीक अक्षरसमूह आहेत, आणि प्रत्येक नियंत्रक प्रथिन आपला समूह ओळखून तिथं बसतं. पीडीएक्स-१ नावाचं प्रथिन टी-ए-ए-टी या चार अक्षरांच्या खुणेपाशी बसतं. न्यूरोडी-१ दुसऱ्या खुणेवर आणि मॅफ-ए तिसऱ्या. ती बसली की इतर मदतनीस प्रथिनं गोळा होतात, जनुक वाचणारं आरएनए पॉलिमरेज दाराशी येऊन लागतं आणि इन्सुलिनची प्रत काढायला सुरुवात होते.

इथं एक शंका यायला हवी. चार अक्षरांची खूण म्हणजे फारच साधी. तीनशे कोटी अक्षरांत असा चौकडा नुसत्या योगायोगानं एक कोटीहून जास्त ठिकाणी सापडेल. मग पीडीएक्स-१ नेमकं इन्सुलिनच्या दाराशीच का जातं?

याचं एक कारण असं की बहुतेक दारं मुळातच बंद असतात. प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान केंद्रकात बसवलेला असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गुंडाळ्यांवर सुतासारखा गुंडाळलेला असतो. जो भाग घट्ट गुंडाळलेला, तिथली खूण झाकलेली. बीटा पेशीत इन्सुलिनचा भाग सैल आहे, अस्थिमज्जेत तोच भाग आवळलेला. अशा आवळलेल्या भागात शिरून पहिली वाट पाडणारी काही खास नियंत्रक प्रथिनं आहेत. फॉक्स-ए-२ हे त्यांतलं एक. गर्भात स्वादुपिंड आकाराला येण्याच्या कितीतरी आधी ते कामाला लागलेलं असतं.

दुसरं कारण मला जास्त सुंदर वाटतं. पीडीएक्स-१ फक्त बीटा पेशीत नसतं, ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातही असतं. न्यूरोडी-१ चेतापेशींत भरपूर असतं. मॅफ-ए डोळ्याच्या भिंगात असतं, किंबहुना त्याचा शोध आधी कोंबडीच्या पिल्लाच्या भिंगातच लागला. या तिघांपैकी एकही एकट्या बीटा पेशीच्या मालकीचं नाही. पण तिघं एकाच वेळी, एकाच दाराशी, भरपूर प्रमाणात भेटतात ती जागा मात्र बीटा पेशीच. एकट्याच्या सहीनं पैसे निघत नाहीत, तिघांच्या सह्या लागतात, तशी बचत गटाच्या खात्यासारखी ही व्यवस्था आहे. म्हणून मोजक्या प्रथिनांच्या वेगवेगळ्या जोड्या-तिकड्यांतून शरीराला शेकडो प्रकारच्या पेशी घडवता येतात. २०१८ साली काही कुटुंबांत मॅफ-एच्या जनुकातला एक बदल सापडला. त्या घरांतल्या काहींना मधुमेह होता, काहींना उलट इन्सुलिन जास्त बनवणाऱ्या गाठी होत्या, आणि त्यांच्यातल्या काहींना जन्मजात मोतीबिंदू होता. स्वादुपिंड आणि डोळा यांची गाठ एका प्रथिनानं घातलेली. घराण्याचा इतिहास विचारणारा डॉक्टर डोळ्यांबद्दल का विचारतो, हे अशा वेळी कळतं.

ही प्रथिनं तयार अवयवाचा कारभार तर पाहतातच, पण मुळात अवयव उभा करण्याचं कामही त्यांचंच. १९९४ साली स्वीडनच्या उमेओ विद्यापीठात हेलेना एडलुंड यांच्या गटानं पीडीएक्स-१चं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. पिल्लं जन्माला आली, पण त्यांना स्वादुपिंडच नव्हतं. तीनच वर्षांनी, १९९७ मध्ये, माणसाच्या एका बाळात हीच गोष्ट दिसली. बाळाच्या दोन्ही प्रतींत पीडीएक्स-१ मोडलेलं होतं आणि स्वादुपिंड तयारच झालं नव्हतं. त्याच्या घराण्यात ज्यांची एकच प्रत मोडलेली होती, त्यांच्यातल्या अनेकांना तरुणपणीच मधुमेह झालेला होता. मला वाटतं, जनुकशास्त्रात इतका स्पष्ट जबाब क्वचितच मिळतो. दोन्ही प्रती गेल्या तर अवयवच नाही, एक गेली तर अवयव आहे पण कमजोर.

पीडीएक्स-१ स्वादुपिंडाची जागा आखतं. मग पुढं फांद्या फुटतात. पीटीएफ-१ए ज्या पेशींत टिकतं त्या पाचक रसाच्या वाटेला जातात. न्यूरोजेनिन-३ काही पेशींत थोडाच काळ पेटतं, आणि ज्या पेशींत ते पेटतं त्या बेटावर राहायला जातात. हे जनुक नसलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडात बेटंच तयार होत नाहीत. बेटावर पोहोचल्यावर आणखी एक ओढाताण असते. एआरएक्स वरचढ झालं तर पेशी अल्फा होते, पॅक्स-४ वरचढ झालं तर बीटा. प्रत्येक जण दुसऱ्याला दाबतो. त्यामुळं पेशी मधल्यामध्ये लोंबकळत नाही, एका बाजूला ठाम होते.

आणि आता त्या आईच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट. पीटीएफ-१ए स्वादुपिंडाखेरीज लहान मेंदूच्या घडणीतही लागतं. २००४ साली कळलं की या जनुकाचा मजकूरच मोडला तर बाळ स्वादुपिंडाशिवाय आणि लहान मेंदूशिवायही जन्मतं. पण अशीही काही बाळं होती ज्यांना फक्त स्वादुपिंड नव्हतं, मेंदू मात्र ठणठणीत. त्यांच्या पीटीएफ-१एचा मजकूर तपासला तर एकही अक्षर चुकलेलं नाही. वर्षानुवर्षं हे कोडं होतं. २०१४ साली इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सोडवलं. जनुकापासून पंचवीस हजार अक्षरं दूर एक चारशे अक्षरांचा तुकडा होता. त्याच्यात कोणत्याही प्रथिनाची कृती नाही. पूर्वी अशा जागेला लोक निरुपयोगी पडीक म्हणत. हा तुकडा म्हणजे पीटीएफ-१एचं लांबून चालणारं बटण होतं, आणि ते फक्त गर्भातल्या स्वादुपिंडात चालायचं. अशा बटणाला एन्हान्सर म्हणतात. डीएनएचा धागा वळून ते जनुकाच्या दाराशी येतं, आणि त्याच्यावर बसलेली नियंत्रक प्रथिनं जनुकाला जोर देतात. या बाळांच्या त्या बटणात एखाद-दुसरं अक्षर बदललेलं होतं. मेंदूसाठीचं बटण दुसरीकडं होतं, ते शाबूत होतं, म्हणून मेंदू घडला.

एकाच जनुकाला निरनिराळ्या अवयवांसाठी निरनिराळी बटणं असतात, हे कळल्यावर माझ्यासारख्या शिक्षकाला आपण वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेलं जनुकाचं चित्र किती अपुरं होतं ते जाणवलं. मजकूर तेवढा काढला, बटणं काढलीच नाहीत.

याच समजुतीनं सिकलसेलवर एक नवा उपचार उभा राहिला आहे. तांबड्या पेशींच्या कारखान्यात गाटा-१ आणि केएलएफ-१ ही प्रथिनं बीटा ग्लोबिनचं दार उघडतात. गर्भात असताना मात्र बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि तिच्यात सिकलसेलची चूक नसते. म्हणून जन्मानंतर पहिले काही महिने सिकलसेलचं बाळ सहसा बरं दिसतं. पुढं गॅमाचं जनुक दाबलं जातं आणि त्रास डोकं वर काढतो. दाबणारं मुख्य प्रथिन बीसीएल-११ए आहे हे २००८ साली बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालं. मग सोपा विचार असा की बीसीएल-११ए काढून टाकावं. पण ते प्रथिन मेंदूला लागतं, प्रतिकारशक्तीच्या पेशींना लागतं. ते स्वादुपिंडातल्या बेटांवरही असतं, आणि मधुमेहाच्या धोक्याशी जोडलेल्या जनुकांच्या यादीत त्याचं नाव आहे. सगळीकडून ते काढणं परवडणारं नाही.

वाट पुन्हा बटणानंच दाखवली. २०१३ साली बीसीएल-११एचं असं एक एन्हान्सर सापडलं जे फक्त तांबड्या पेशींच्या वंशात चालतं. त्या बटणावर गाटा-१ ज्या जागी बसतं, नेमकी ती जागा क्रिस्पर तंत्रानं कापली की तांबड्या पेशींत बीसीएल-११ए कमी होतं आणि गर्भातलं हिमोग्लोबिन परत येतं. या तत्त्वावरच्या कॅसजेव्ही या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं मान्यता दिली. रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यात हा बदल करायचा, जोरदार केमोथेरपीनं अस्थिमज्जा रिकामी करायची आणि बदललेल्या पेशी परत सोडायच्या. अमेरिकेत याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली. लाखनीच्या त्या व्हरांड्यात हा आकडा उच्चारायचीही मला लाज वाटली असती. आपल्याकडं आज उपयोगाचं औषध म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. तेही वेगळ्या वाटेनं गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं, ते स्वस्त आहे आणि नियमित घेतलं तर दुखण्याचे झटके कमी होतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात कोट्यवधी लोकांची तपासणी ठरली आहे. तपासणीइतकीच ही गोळी दर महिन्याला गावात मिळत राहणं मोलाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

मधुमेहाकडं परत येऊ, कारण नियंत्रक प्रथिनांच्या माहितीचा तिथं आजच, खिशाला परवडेल असा, उपयोग आहे. काही घरांत पंचविशीच्या आत मधुमेह होतो, आजोबा-बाप-मुलगा असा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि माणूस लठ्ठही नसतो. या प्रकाराला एमओडीवाय म्हणतात. त्यातला एक मोठा गट एचएनएफ-१ए या नियंत्रक प्रथिनाच्या बिघाडानं होतो. हे प्रथिन यकृतात आणि मूत्रपिंडातही काम करतं, म्हणून अशा माणसाच्या लघवीत रक्तातली साखर फार वाढायच्या आधीच साखर उतरू लागते. बीटा पेशीत ते साखरेची चाहूल घेणारी यंत्रणा सांभाळतं. यंत्रणेचा अलीकडचा भाग लंगडा होतो, पण इन्सुलिन बाहेर सोडणारा पलीकडचा झडपेचा भाग शाबूत असतो. सल्फोनिलयुरिया गटाच्या जुन्या, स्वस्त गोळ्या थेट त्या झडपेवर काम करतात. २००३ साली ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं की या रुग्णांना त्या गोळ्या विलक्षण लागू पडतात. वय कमी म्हणून पहिल्या प्रकारचा मधुमेह समजून वर्षानुवर्षं इन्सुलिनची सुई टोचून घेणारे कितीतरी जण तपासणीनंतर गोळीवर आले आहेत. अर्थात सुई आपल्या मनानं कोणी थांबवू नये. जनुकाची तपासणी आणि डॉक्टरांचा निर्णय दोन्ही हवेत. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेनं भारतीय रुग्णांतल्या या प्रकारांवर बरंच काम केलं आहे.

मात्र आपल्या आसपास दिसणारा मधुमेह बहुतांशी असा एका जनुकाचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. या सर्वसामान्य मधुमेहाचा धोका वाढवणारे शेकडो लहान बदल सापडले आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य जनुकाच्या मजकुरात नाहीत, बटणांत आहेत. यांतल्या सर्वांत प्रभावी बदलांपैकी एक टीसीएफ-७एल-२ या जनुकात आहे, आणि हे जनुकही एका नियंत्रक प्रथिनाचंच. आइसलँडच्या संशोधकांनी २००६ मध्ये तो दाखवला. २००७ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबीतले डॉ. गिरिराज चांडक यांनी भारतीयांतही तो धोका तितकाच ठळक असल्याचं दाखवून दिलं.

याज्ञिकांचं सर्वांत गाजलेलं काम पुण्याभोवतीच्या खेड्यांतल्या बाळांवरचं. ही बाळं सरासरी पावणेतीन किलोंच्या आसपास भरतात, इंग्लंडमधली साडेतीन. इतकी बारीक, तरी त्यांच्या अंगावर चरबीचा वाटा मात्र जास्त. स्नायू कमी, चरबी जास्त, असं शरीर घेऊन जन्मलेला माणूस पुढं बारीक दिसूनही मधुमेही होतो. उपाशीपणाची छाप जनुकाच्या बटणांवर पडते का, हे तपासणारा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. आनंदवर्धन हार्डीकर, रमेश भोंडे, संजीव गलांडे, याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा त्यांनी अभ्यास केला. वजन कमी, पोटात चरबी, ब-१२ आणि फोलेट कमी, आणि बीटा पेशी मारणारं रसायन दिलं तर मधुमेह होण्याची प्रवृत्ती आठपट. मग दोन पिढ्या त्यांना पोटभर खायला दिलं, तरी बिघाड गेला नाही. इन्सुलिन जनुकाच्या दाराशी हिस्टोनांवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या होत्या आणि त्याही भरल्या पोटानं पूर्ववत झाल्या नाहीत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर रोवणीच्या दिवसांत सकाळी बासी भात खाऊन दिवसभर चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या बाया आल्या. त्यांच्या आयांनीही तेच केलं होतं, आणि आज्यांनीही.

बीटा पेशी आपली ओळख जन्मभर आपोआप टिकवते असंही नाही. तिला ती रोज राखावी लागते. रक्तात साखर सतत चढलेली राहिली की तिच्यात सर्वांत आधी मॅफ-ए कमी होतं, मग पीडीएक्स-१. पेशी जिवंत असते, पण इन्सुलिन विसरते. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये डोमेनिको अचिली यांच्या गटानं उंदरांत दाखवलं की थकलेल्या बीटा पेशी मरण्याऐवजी मागं सरकतात आणि गर्भातल्या कोवळ्या पेशींसारख्या होतात. पेशी जिवंत असेल तर तिला परत आणायला वाव राहतो. ब्रिटनमध्ये २०१७ साली एका चाचणीत कमी कालावधीचा मधुमेह असलेल्यांनी कडक आहारानं वजन उतरवलं, तेव्हा वर्षाअखेर निम्म्याच्या जवळपास लोकांची साखर औषधाविना ताब्यात होती. मधुमेह नुकताच कळलेल्या माणसाला मी आवर्जून सांगतो की पहिल्या काही वर्षांतच नेट लावा. पेशी विसरायला लागली आहे, अजून विसरलेली नाही.

उलटी गोष्टही करून पाहिली गेली आहे. २००८ मध्ये डग्लस मेल्टन यांच्या हार्वर्डमधल्या प्रयोगशाळेत जिवंत उंदराच्या पाचक रसाच्या पेशींत पीडीएक्स-१, न्यूरोजेनिन-३ आणि मॅफ-ए ही तीन जनुकं चालू केली, आणि त्या पेशी बीटासारख्या होऊन इन्सुलिन बनवू लागल्या. मजकुरातलं एक अक्षरही बदललं नव्हतं, फक्त तीन पाणकर बदलले होते. आता मूळपेशींपासून प्रयोगशाळेत बेटं घडवताना पेशी योग्य वाटेवर आहे की नाही हे याच प्रथिनांच्या हजेरीवरून पाहतात. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत अशी बेटं मिळालेल्या पहिल्या प्रकारच्या बारा मधुमेहींपैकी दहा जणांना वर्षभरानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. शरीरानं ती बेटं नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र घेत राहावी लागतात.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात अकराव्या गुणसूत्रावरचे हे दोन शेजारी आणखी एका जागी भेटतात, आणि ती जागा म्हणजे प्रयोगशाळेचा रिपोर्ट. मधुमेहावर लक्ष ठेवण्यासाठी एचबीए१सी ही तपासणी करतात. साखर हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते, तांबडी पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगते, म्हणून चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब लागतो. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, शिवाय हिमोग्लोबिनही वेगळं. त्यामुळं आकडा फसवा, बहुधा खोटा कमी येतो. वाहकांमध्येही, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरच्या २०१७ सालच्या अभ्यासानुसार, तेवढ्याच साखरेला तो किंचित कमी दिसतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावी, किंवा फ्रुक्टोसामाइनची तपासणी करावी.

पुढच्या शिबिरात ती बाई भेटली. मुलगी वाहक निघाली होती, रुग्ण नव्हती. मी तिला सगळं सांगायचा प्रयत्न केला: चूक साऱ्या अंगात आहे, पण ते पान हाडांच्या आतच उघडतं. तिला किती कळलं ते मला सांगता येणार नाही, पण तिनं मन लावून ऐकलं. मग सासूबाईंना साखर आहे आणि त्यांनीही सिकलसेल तपासलं नव्हतं, असं ती म्हणाली. मी तिला सासूबाईंना दुसऱ्या दिवशी घेऊन यायला सांगितलं आणि निकाल आला की तो त्यांच्या शुगरच्या फायलीवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला.